उपचाराचे एक चक्र दोन देशांत विभागू नये

लवकरच परदेशी जायचे ठरले असताना आयव्हीएफची (स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारांची) इंजेक्शने आता सुरू करून उरलेले उपचार तिकडे पूर्ण करता येतील का, असे आपण विचारले आहे. स्वतः स्थलांतराच्या आधी आणि नंतर असे दोन्हीकडे हे उपचार घेतल्यामुळे मी एवढेच सांगेन, की स्त्रीबीजे काढेपर्यंतचा टप्पा एकाच डॉक्टरांकडे पूर्ण करावा, नाहीतर तिकडे स्थिरावल्यावर नव्याने सुरू करावा.

एरवी एका चक्रात बहुधा एकच स्त्रीबीज परिपक्व होते. आयव्हीएफमध्ये मात्र बहुधा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण 10 ते 12 दिवस रोज इंजेक्शने देऊन अनेक फॉलिकल (बीजकोशातील, स्त्रीबीज वाढवणाऱ्या पिशव्या) एकदम वाढवली जातात आणि दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी व गरजेप्रमाणे रक्ततपासणी करून मात्रा कमी-जास्त केली जाते. पुरेशी फॉलिकल 17-18 मिलिमीटरची झाली की स्त्रीबीजे पूर्ण पक्व करणारे ट्रिगर इंजेक्शन देतात आणि सुमारे 36 तासांनी स्त्रीबीजे काढतात. विमान चुकले तर दुसरे मिळते. ही वेळ चुकली तर सारी मेहनत वाया जाऊ शकते.

स्त्रीबीजे काढल्यावरही लगेच लांबचा प्रवास ठेवू नये. बीजकोश तेव्हा सुजलेले असतात, आणि पीसीओएस (बीजकोशांचा एक संप्रेरक-विकार) असलेल्या किंवा एएमएच (शिल्लक स्त्रीबीजांचा अंदाज देणारे संप्रेरक) जास्त असलेल्या स्त्रियांना अतिउत्तेजनाचा, म्हणजे बीजकोशांनी इंजेक्शनांना अति प्रतिसाद दिल्याचा, त्रास काही दिवसांनीही सुरू होऊ शकतो: पोट फुगते, धाप लागते, लघवी कमी होते. शिवाय इस्ट्रोजेन वाढलेले असताना तासन्‌तास बसून राहिल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सर्व भ्रूण गोठवून ठेवल्यास अतिउत्तेजनाचा त्रास लांबण्याची भीती बरीच कमी होते. मात्र मग त्यांच्यासाठी परत यावे लागेल की ते तिकडे नेण्याची कायद्याने मुभा आहे, हे इंजेक्शने सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

माझी चूक कागदपत्रांची झाली. मी केवळ शेवटचा सारांश नेला होता. नव्या डॉक्टरांना हवा होता तो कोणत्या दिवशी कोणते औषध किती दिले आणि फॉलिकल किती वाढली याचा तक्ता, कारण पुढची मात्रा त्यावरूनच ठरते. अहवालांवरील एककेही तपासावीत. एएमएचचा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधील 2 हा आकडा पिकोमोल प्रति लिटरमध्ये सुमारे 14 होतो, आणि तो पाहून मी उगाचच हरखले होते.