सबवूफरला कोणता अँप? आधी ओहम बघा, मग वॉट

प्रश्न : माझ्या गाडीतल्या १२ इंची सबवूफरला (खोल बासचा स्पीकर) ४ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल (शंकू हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० वॉट आणि बारीक अक्षरात ४०० वॉट आरएमएस लिहिले आहे. दोन अँप (ॲम्प्लिफायर) समोर आहेत. एक टू-चॅनल, ब्रिज केल्यावर (दोन्ही चॅनल एकत्र जोडून) ४ ओहमला २२० वॉट. दुसरा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा), ४ ओहमला २५०, २ ओहमला ४०० वॉट. कोणता घ्यावा? आणि गेन किती ठेवावा?

उत्तर : १२०० हा आकडा विसरा. तो क्षणभराच्या झटक्याचा आहे, सतत पेलायची ताकद ४०० वॉटच आहे.

तुमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात, सिरीजमध्ये (एकापुढे एक) ८. एका सबवूफरवर दोन्ही कॉइल वापरून ४ ओहम मिळतच नाहीत, आणि टू-चॅनल अँप इथेच बाद होतो. ब्रिजमध्ये त्याला किमान ४ ओहम लागतात. २ ओहम जोडलेत तर तो तापून प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल. ८ जोडलेत तर २२० वॉटही मिळणार नाहीत. मोनोब्लॉक घ्या, कॉइल पॅरलल जोडा (प्लसला प्लस, मायनसला मायनस), ४०० ला ४०० जुळतात. जोडल्यावर मल्टिमीटरने ओहम मोजा. २ च्या थोडे खाली, साधारण १.६ ते १.९ दिसेल. डीसी रोध नेहमी छापील आकड्यापेक्षा कमीच असतो, त्यामुळे घाबरू नका. ७ च्या आसपास दिसले तर चुकून सिरीज झाली आहे.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल अँपच्या पूर्ण ताकदीशी जुळवणे एवढेच त्याचे काम. सबवूफरची वायर काढून ठेवा. बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, गेन शून्यावर. इंजिन चालू ठेवा. स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर धरा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टवर थांबायचे? वॉट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ : ४०० × २ = ८००, म्हणजे सुमारे २८ व्होल्ट. आमचा सल्ला २६ वर थांबण्याचा, कारण लोड लागल्यावर गाडीचे व्होल्टेज उतरते आणि अँपची ताकदही घटते. त्यानंतर बास बूस्टला हात लावू नका. लो-पास (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून कानाने जुळवा.

कमी वॉटच्या अँपने सबवूफर जळतो असे सर्रास सांगितले जाते. जाळते ते क्लिपिंग. ताकद संपल्यावरही गेन वाढवला की लहरीचे माथे सपाट छाटले जातात आणि कॉइलमध्ये अँपच्या छापील वॉटपेक्षा बरीच जास्त, जवळजवळ दुपटीपर्यंत, ऊर्जा उतरते. कॉइल तापते, जळका वास येतो. तो वास आला की लगेच आवाज बंद करा.

प्रश्न : ४०० वॉटचा मोनोब्लॉक बसवला. बास वाजला की हेडलाइट मंद होतात, कधी अँपच बंद पडतो. कपॅसिटर लावू का?

उत्तर : आधी मोजा. ४०० वॉट बाहेर काढायला, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर, आत ५०० वॉट लागतात, १३.८ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर. जोरात बास वाजत असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग अँपच्या. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर दोष वायरिंगचा आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ गेजची (गेज म्हणजे वायरची जाडी), शुद्ध तांब्याची वायर हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच गेजमध्ये जास्त व्होल्टेज खाते. बहुतेक वेळा मात्र चोर निघतो तो अर्थिंगमध्ये : बोल्टखाली रंग तसाच राहिलेला असतो. तो पत्र्यापर्यंत खरवडा, अर्थिंगची वायरही ४ गेजचीच आणि अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. प्लसच्या वायरवर बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल तर आजच लावा, कारण वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागते.

दोन्ही ठिकाणी व्होल्टेज सारखेच कोसळत असेल तर बॅटरी किंवा अल्टरनेटर कमी पडतो आहे. कपॅसिटर क्षणभराचा झटका सावरतो, वीज तयार करत नाही.