सीआयएफमधलं फुकट भाडं न्हावा शेव्यात वसूल होतं

तुमची पोस्ट अर्धी वाचली तेव्हाच पुढचं कळलं. चीनमधल्या निंगबोहून चाळीस कार्टन, एलसीएल (कंटेनर इतरांच्या मालासोबत वाटून), सीआयएफ (भाडं आणि विमा पुरवठादाराकडे) न्हावा शेवा बंदरापर्यंत, पुरवठादाराने भाडं नाममात्र लावलेलं. आणि आता मुंबईतला एजंट डीओसाठी (डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायचं पत्र) त्या भाड्याच्या कित्येक पट मागतोय. आम्हाला सगळ्यांत महाग पडलेली चूक हीच, सीआयएफवर माल घेणं. आयईसी (आयात-निर्यात कोड), एडी कोड (बँकेचा कोड) वगैरे तुमचं झालंच असणार, त्यात शिरत नाही. (मी सीएचए, म्हणजे कस्टम्स ब्रोकर नाही, वकीलही नाही. कायद्याच्या कलमांबद्दल तुमच्या ब्रोकरला विचारूनच पुढे जा.)

हे का होतं ते आधी समजून घ्या. तिकडच्या कन्सोलिडेटरला (अनेकांचा माल एकत्र करून पाठवणारा) कंटेनर भरायचा असतो, म्हणून तो पुरवठादाराकडून अगदी कमी भाडं घेतो. कधी शून्य, तर कधी उलट वर काही पैसे देतो. ही तूट त्याचा इकडचा एजंट तुमच्याकडून भरून काढतो. वाहतुकीचा सौदा पुरवठादाराने केला, दर त्याने ठरवला, पण माल सोडवायची घाई तुम्हाला. तुमच्या हातात असतं फक्त हाउस बिल (कन्सोलिडेटरने दिलेलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची पावती). शिपिंग लाइनचं मास्टर बिल एजंटच्या नावावर असल्याने शिपिंग लाइन तुमच्याशी बोलतच नाही. डीओ मिळणार त्या एजंटच्या एकाच टेबलावर.

एजंटच्या ज्या कार्यालयाने आम्हाला अडवलं तिथे फोनवर एकच उत्तर: "टॅरिफप्रमाणे आहे." टॅरिफ (दरपत्रक) दाखवा म्हटलं की मेलला उत्तर नाही. तिकडे सीएफएसचा (माल ठेवलेलं कस्टम्सचं गोदाम) मीटर चालूच. त्या लोकांना वाद जिंकायचा नसतो, तुमचे दिवस घालवायचे असतात.

म्हणून आत्ता भांडण आणि माल सोडवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं विवरण) अजून भरलं नसेल तर आज भरा. ते जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ₹५,०००, त्यापुढे रोज ₹१०,०००. आगाऊ बिल जहाजाच्या ३० दिवस आधीही भरता येतं, त्यामुळे एजंटच्या अरायव्हल नोटिसची वाट बघत बसू नका. असेसमेंट (ड्युटीची आकारणी) होऊन परत आलं की ड्युटी पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत भरा, नाहीतर १५ टक्क्यांनी व्याज लागतं. आउट ऑफ चार्ज (कस्टम्सची माल सोडायची मंजुरी) हातात असलं की अडकतो फक्त डीओ.

एजंटकडे मेलवर कलमवार बिल मागा: कोणता आकार (शुल्क) घनमीटरवर, कोणता बिल ऑफ लेडिंगमागे, डॉलरचा दर कुठला. मग स्वतः मोजा. ६०×४५×४० सेंटिमीटरचं कार्टन म्हणजे ०.१०८ घनमीटर, चाळीसचे ४.३२. वजन समजा ११५० किलो, म्हणजे १.१५ टन. घनमीटर आणि टन यांतला जो आकडा मोठा तो धरतात, म्हणून ४.३२. बिलात ५ दिसले तर वरच्या पूर्णांकाला ओढले आहेत. कुठल्या अटीने, ते विचारा. डॉलरचा दर बँकेपेक्षा बराच वर लावलेला सापडेल. एलसीएलमध्ये कंटेनर तुमच्या ताब्यात येतच नाही, तेव्हा कंटेनर डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचं शुल्क) लावलं असेल तर कारण लेखी घ्या.

दोन दिवसांत हललं नाही तर हरकत नोंदवून पैसे भरा. मेलमध्ये स्पष्ट लिहा की रक्कम अमान्य आहे, फक्त डीओसाठी भरतोय. डीओ घ्या, माल उचला, मग भांडा. इन्व्हॉइसवर तुमचा जीएसटीआयएन आहे ना ते काउंटरवरच बघा, नाहीतर जीएसटीचं क्रेडिटही जाईल. पुरवठादाराला ते बिल पाठवून पुढच्या ऑर्डरमध्ये वजावट मागा. निम्मी तरी मिळते, कारण हा खेळ त्याला माहीत असतो.

आणखी एक जागा तपासा, कारण इथेही तेच टेबल पैसे घेतं. हाउस बिलवर "२ पॅलेट" आणि पॅकिंग लिस्टमध्ये "४० कार्टन" असं आहे का? मॅनिफेस्टमध्ये (जहाजाच्या मालाच्या यादीत) २ आणि बिल ऑफ एंट्रीत ४० गेले की दुरुस्ती आली, तिची वेगळी फी आली, दिवसही गेले. कंपनीच्या नावातलं "प्रायव्हेट लिमिटेड" गळलं तरी तेच. हाउस बिलचा ड्राफ्ट जहाज सुटण्याआधी मागवून स्वतः वाचा.

पुढच्या वेळी सीआयएफ घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. एफओबी (पुरवठादार माल जहाजावर चढवून देतो, पुढचं भाडं तुमचं) घ्या. (इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींप्रमाणे कंटेनरसाठी एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणं, जास्त बरोबर, पण चिनी पुरवठादार एफओबीच म्हणतात.) फॉरवर्डर (वाहतुकीची व्यवस्था करणारा) मुंबईतला, तुमचा, आणि दोन्ही टोकांचा दर एकाच कागदावर. समजा सीआयएफमध्ये घनमीटरला भाडं ५ डॉलर आणि इथला आकार ६० डॉलर, तर एफओबीमध्ये भाडं ३० अधिक आकार २०. चार घनमीटरला २६० विरुद्ध २०० डॉलर. आकडे समजण्यापुरते आहेत, बाजार रोज बदलतो. पुरवठादार सीआयएफवरच अडला तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर सही करण्याआधी इथल्या एजंटचं नाव आणि त्याचं न्हावा शेव्याचं टॅरिफ लेखी मागा. द्यायला टाळाटाळ झाली की समजा.

एफओबीत एक काळजी मात्र घ्या. कस्टम्सचं मूल्य सीआयएफवरच धरतात. भाड्याचा पुरावा नसेल तर एफओबीच्या २० टक्के भाडं धरलं जातं, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. दहा लाखांच्या मालावर खरं भाडं साठ हजार असताना दोन लाख धरले, तर मूल्य उगाच १,४०,००० ने वाढतं. बेसिक ड्युटी १० टक्के आणि तिच्यावर १० टक्के सरचार्ज धरला तर त्यावर ₹१५,४०० जातात, आणि ते परत येत नाहीत. १८ टक्के आयजीएसटीचे ₹२७,९७२ क्रेडिटमध्ये मिळतील, पण आज खिशातूनच द्यावे लागतात. म्हणून फॉरवर्डरचं फ्रेट सर्टिफिकेट आणि विम्याची पावती बिल ऑफ एंट्री भरायच्या आधी सीएचएच्या हातात द्या. नंतर दिली तर पुन्हा असेसमेंटची विनवणी करत फिरावं लागतं.

कलमवार बिल आलं की इथे टाका, तुमचं नाव-नंबर झाकून. कोणता आकार कापता येईल ते बघू.