नव्या गावातली पहिली मैत्रीण

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही जूनमध्ये चिपळूणहून पुण्याला आलो. माझी मुलगी आठवीत आहे. तिकडे अंगण दणाणून सोडणारी ही पोर इथे मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते आणि घरी आली की खोलीचे दार लोटून घेते. पहिल्याच आठवड्यात तिच्या बोलण्याच्या हेलावर वर्गातल्या काही मुली हसल्या. तेव्हापासून तिने वर्गात हात वर केलेला नाही. ‘चार जणींत मिसळ’ असे मी रोज सांगते, पण त्याने ती आणखीच मिटून जाते. दिवाळीच्या सुट्टीत तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवावे का? — एक आई, पुणे

उत्तर : तुमची काळजी अगदी रास्त आहे, परंतु ‘मिसळ’ हा सल्ला तेराव्या वर्षी फार अवघड असतो, हे आधी लक्षात घ्यायला हवे. आठवीतल्या मुलींचे गट पाचवीपासून जमलेले असतात, कोण कोणाशेजारी बसणार हेही ठरून गेलेले असते, आणि अशा घोळक्यापाशी जाऊन ‘मला तुमच्यात घ्या’ म्हणणे मोठ्या माणसांनाही जड जाते. म्हणून जिथे तिची जागा आधीच रिकामी आहे, जिथे तिच्यावाचून काही तरी अडते, अशा ठिकाणी तिला नेऊन पोचवावे, असे मला वाटते.

शिबिराविषयी माझे मत स्पष्ट आहे. पाच दिवसांच्या शिबिरात मुले रमतात, परंतु ती शहराच्या चार कोपऱ्यांतून आलेली असतात आणि सहाव्या दिवशी पांगतात. मैत्रीला तीच तीच माणसे आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने भेटावी लागतात. त्यामुळे पैसे आणि सुट्टी शिबिरावर खर्च करण्याआधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटून खो-खोचा सराव कधी असतो, ते विचारा.

खो-खोचे नाव मी विचारपूर्वक घेते आहे. पाठलाग करणाऱ्या संघातले नऊ जण मैदानावर असतात. त्यांतले आठ जण मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला पाटी ओलांडता येत नाही की मागे वळता येत नाही, म्हणून त्याला बसलेल्या खेळाडूच्या पाठीवर हात टेकवून मोठ्याने ‘खो’ द्यावा लागतो. माझ्या शाळेत अशीच एक अबोल मुलगी सरावाला येत असे. तिचा ‘खो’ पहिले काही दिवस शेजारच्या मुलीलाही ऐकू जात नसे. ‘अगं, मोठ्यांदा दे, मी पाठमोरी बसलेय, मला कसं कळणार?’ असे तीच मुलगी रोज तिला ऐकवायची. महिन्याभरात तिचा आवाज कुंपणापलीकडे पोचला आणि त्या दोघी एका डब्यात जेवू लागल्या. ‘खो’ या एका अक्षरात गावचा हेल उमटत नाही, ही तुमच्या लेकीसाठी मोठी सोय आहे. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही पुण्याचीच, हेही तिला आवर्जून सांगा.

धावण्याची आवड नसेल तर नाटक. मात्र पहिल्याच तालमीत तिला संवाद म्हणायला लावू नये, अशी विनंती बसवणाऱ्या शिक्षकांना करा. प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळणे, पडदा ओढणे, पार्श्वसंगीत वेळेवर लावणे ही कामे करणाऱ्या मुलीला सगळ्यांशी बोलावेच लागते, पण बोलायला कारण असते. पुढे एखादे पात्र गावाकडचे निघाले की ज्या हेलावर मुली हसल्या, तोच हेल त्या तिच्याकडून शिकायला येतील. नमन आणि जाखडी या कोकणी लोककलांच्या मुलखातून आलेल्या मुलीने आपल्या बोलीबद्दल मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

शाळेत गाईडचे पथक असेल तर तेही चांगले, कारण त्यात सहा ते आठ मुलींची छोटी टोळी असते आणि तंबू उभारताना सगळ्यांचेच हात लागतात. ढोल-ताशा पथकाचे आकर्षण पुण्यात सर्वच मुलांना असते. परंतु तो मोठा आवाज, रात्री लांबणारा सराव आणि कमरेला बांधलेल्या ढोलाचे ओझे पाहता आणखी दोन-तीन वर्षे थांबावे, असे मी म्हणेन.

घरी एवढेच करा : ‘आज मैत्रीण झाली का?’ हे विचारणे थांबवा. हसण्याचा प्रकार वर्गशिक्षकांच्या कानावर घाला, तोही मुलीला विश्वासात घेऊनच. सरावातल्या एक-दोघींना घरी बोलावून गरम घावणे वाढा आणि नंतर तिथून उठून जा. मात्र तिची झोप किंवा भूक उडाली, शाळेत जाणेच ती टाळू लागली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. चार लोकांसमोर उभे राहिले की माझे पाय कापतात. मित्र म्हणतात, वक्तृत्व स्पर्धेत नाव दे म्हणजे भीती जाईल. देऊ का? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आत्ताच नको. वक्तृत्वात माणूस व्यासपीठावर एकटा असतो आणि पहिलाच अनुभव फसला तर भीती पक्की होते. तुझ्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक असेल तर तिथे नाव नोंदव. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असे तिचे स्वरूप आहे. श्रमदानात घमेले हातोहात पुढे देताना ओळखी आपोआप होतात. बहुतेक शिबिरांत पथनाट्य बसवले जाते. त्यात सुरुवातीला कोरसमध्ये उभा राहा. दहा जणांबरोबर एकसुरात ओरडताना पाय कापले तरी कोणाला दिसत नाहीत. पुढच्या प्रयोगात एकट्याचे एकच वाक्य मागून घे, आणि ते जमले की मला जरूर कळव.