चार दिवसांचे तिकीट, सात दिवसांचा मुक्काम

प्रवासविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि सव्वाचार वर्षांचा मुलगा अशी सहा माणसे आहोत. येत्या मेच्या सुट्टीत फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहण्याचा बेत आहे. यजमानांनी तिथली चार उद्याने, दोन जलउद्याने आणि जवळचे युनिव्हर्सल असे सगळे सहा दिवसांत बसवणारा तक्ता केला आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, शिवाय ते कुळागरातले, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतले, माणूस असल्याने झाडापेडांपलीकडे त्यांना फारशी हौस नाही. सकाळी मात्र त्यांना पेज लागते. सासूबाई शाकाहारी आहेत. हा तक्ता निभेल का, आणि तयारीची सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या यजमानांचा तक्ता वाचून मला मुंबईहून गोव्यात येणारे पाहुणे आठवले. सकाळी मंगेशी, मग म्हार्दोळ, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा, दुपारी जुने गोवे आणि संध्याकाळी मिरामार असा कार्यक्रम ते घरूनच आखून आणतात, आणि रामनाथीला पोचेपर्यंत धाकटे मूल रडू लागलेले असते व आजी गाडीतून उतरायला तयार नसतात. आपण फोंड्याच्याच असल्यामुळे हे दृश्य आपण अनेकदा पाहिले असेल. तेव्हा स्पष्टच सांगते, हा तक्ता निभणार नाही. युनिव्हर्सल आणि दोन्ही जलउद्याने त्यातून आजच काढून टाकावीत.

डिस्ने वर्ल्ड हे एक उद्यान आहे अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुला झालेला हा परिसर सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा आहे. संपूर्ण गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे हे ध्यानात घेतले म्हणजे अंदाज येईल. मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम ही चार उद्याने एकमेकांपासून इतकी दूर आहेत की एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही जोडी सोडली तर एकातून दुसऱ्यात चालत जाण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. एकेका उद्यानातही दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते.

तयारीची सुरुवात व्हिसापासूनच करावी लागेल. गोवेकरांचे अर्ज मुंबईतील अमेरिकी वकिलातीच्या कक्षेत येतात. मुलांसह सहाही जणांचे डीएस-१६० अर्ज स्वतंत्र भरायचे असतात. प्रत्येकी १८५ डॉलर शुल्क आहे आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. मुलाखतीची तारीख मिळण्यास कित्येकदा महिनेच्या महिने लागतात, म्हणून मे महिन्यासाठी आताच हालचाल करावी आणि पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंत परत न मिळणारे एकही तिकीट काढू नये. प्रवासविमा उतरवताना सासऱ्यांचे जुने आजार अर्जात लपवू नयेत; अमेरिकेतील रुग्णालयाच्या एका बिलात सबंध सहलीचा खर्च बुडू शकतो.

तारखा शक्यतो मेच्या पहिल्या पंधरवड्यात धराव्यात. मेचा शेवटचा सोमवार अमेरिकेत सुट्टीचा असतो, त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी गर्दी उसळते, आणि पुढे जून लागला की दुपारी गडगडाटी पाऊस नेमाने येऊ लागतो. मेमधला उकाडा आपल्याकडच्यासारखाच असल्याने त्याची भीती आपल्याला घालण्याची गरज नाही.

आता तिकिटांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच दडलेले आहे. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो आणि दिवस वाढवले की दर दिवशीचा खर्च उतरत जातो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण चार दिवसांचे तिकीट लागोपाठच्या चार दिवसांतच संपवले पाहिजे असे बंधन नाही, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पहिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत कोणतेही चार दिवस ते वापरता येते. म्हणजे एक दिवस उद्यान, एक दिवस विश्रांती, असा क्रम पदरचे काही जादा न मोजता ठेवता येतो. आपल्या घरात एक सव्वाचार वर्षांचा आणि एक गुडघेदुखीचा, असे दोन प्रवासी आहेत. मुक्कामाचा वेग त्या दोघांनी ठरवायचा आहे, यजमानांच्या तक्त्याने नव्हे. विश्रांतीच्या दिवशी मुले हॉटेलच्या तलावात डुंबतील आणि म्हातारी माणसे पाय वर करून बसतील. तो दिवस वाया गेला असे कोणी म्हणू लागले तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. दहा वर्षे पूर्ण झाली की प्रौढाचे तिकीट लागते. आपल्या मुलीचा दहावा वाढदिवस सहलीच्या आधी येत असेल तर खर्च मांडताना हे विसरू नये.

मे महिन्यात फ्लोरिडाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. परिणामी पहिले तीन-चार दिवस मुले पहाटे तीनला टक्क जागी होतात. त्यांना दामटून झोपवण्यात अर्थ नाही. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. त्या वेळी रांगा आखूड आणि ऊन कोवळे असते. सकाळी लवकर शिरावे, दुपारी बाराच्या सुमारास खोलीवर परतून जेवून झोपावे आणि अंगात त्राण असेल तर संध्याकाळी पुन्हा जावे. मॅजिक किंगडममधील रात्रीची आतषबाजी पाहायची असेल तर शिगम्याच्या चित्ररथांसाठी आपण जसे लवकर जाऊन कडेची जागा धरतो तशीच इथेही धरावी लागते. सासऱ्यांना त्या दाटीत उभे करू नये.

रांगेत वेळ वाचवण्यासाठी लायटनिंग लेन नावाची सशुल्क सोय आहे. तीन खेळांच्या वेळा आगाऊ निवडता येतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ही निवड मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी, तर इतरांना उद्यानभेटीच्या तीन दिवस आधी करता येते. खिडकी तिथल्या सकाळी सातला उघडते, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला. फोंड्यात बसून चहा घेता घेता हे काम उरकेल. ही सोय चारही दिवस विकत घेण्याची गरज नाही. मॅजिक किंगडमसाठी घ्यावी आणि अ‍ॅनिमल किंगडमसाठी सोडून द्यावी.

मुलाच्या उंचीचा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. माझ्या भाच्याला घेऊन गेले होते तेव्हा स्पेस माउंटनच्या तोंडाशी त्याला मापाच्या पट्टीखाली उभे केले, आणि पट्टी व त्याचे डोके यांच्यामध्ये माझे एक बोट जाईल एवढी फट राहिली. त्याने टाचा उचलल्या. तिथल्या मुलीने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि टाचा खाली टेकेपर्यंत काढला नाही. पुढचा तासभर तो कोणाशी बोलला नाही. चूक आमचीच होती, कारण महिनाभर त्याला त्याच खेळाच्या चित्रफिती आम्ही दाखवत होतो. म्हणून आजच दाराच्या चौकटीवर पेन्सिलने ९७, १०२ आणि ११२ सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि मुलाला जे बूट घालून न्यायचे तेच चढवून उभे करावे. १०२ च्या वर असेल तर एपकॉटमधील सोअरिन आणि टेस्ट ट्रॅक त्याला मिळतील. स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्टला ११२ लागतात, ते यंदा त्याच्यासमोर बोलूच नये. मुलीला ते खेळ खेळायचे असतील तर प्रवेशापाशी रायडर स्विच मागावे. एक पालक मुलीबरोबर जातो, दुसरा धाकट्याला सांभाळतो, आणि पहिला परतला की दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग न लावता आत सोडतात.

आणखी एक. सव्वाचार वर्षांच्या मुलाला बाबागाडीत बसवणे आपल्याकडे हसण्यावारी नेतात. घोड्याएवढा झाला तरी गाडीत, असे सासूबाई म्हणतीलच. म्हणू द्यावे, आणि गाडी घ्यावी.

सासऱ्यांसाठी उद्यानाच्या प्रवेशाशी चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. अ‍ॅनिमल किंगडममधील किलिमांजारो सफारी उघड्या मोटारीतून होते, तिला उंचीची अट नाही आणि जिराफ अगदी रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहतात. पण कुळागर जोपासलेल्या माणसासाठी माझ्या मते सर्वांत मोलाची जागा एपकॉटमधील लिव्हिंग विथ द लँड ही आहे. संथ चालणाऱ्या होडीत बसून हरितगृहांमधून फिरायचे असते. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या आणि वर टांगलेल्या वेली पाहताना पाणी कुठून दिले आहे ते सासरे नक्की शोधत बसतील. गुडघ्याला काडीचा त्रास नाही, आणि वाटल्यास दोनदा बसावे. त्याच उद्यानात तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. त्यांत ना भारत आहे ना पोर्तुगाल, त्यामुळे गोव्याच्या माणसाला तिथे ओळखीचे काही सापडत नाही. तळ्याचा फेराही सुमारे दोन किलोमीटरचा आहे. सासऱ्यांना तो खुर्चीतूनच घडवावा. मॅजिक किंगडमला जाताना तळे ओलांडण्यासाठी मोनोरेल किंवा फेरीबोट असते. रायबंदर-चोडण फेरीची सवय असलेल्या म्हाताऱ्यांना बोटच आवडेल.

पेजेसाठी तांदूळ मात्र इथून नेऊ नये. भारतातून प्रवासी सामानात तांदूळ नेण्यास अमेरिकेत बंदी आहे. साठवणीच्या धान्यातल्या खापरा किडीमुळे हा नियम आहे. चिवडा, शेव, लोणचे चालते, परंतु विमानात वा विमानतळावर विचारतात तेव्हा खाद्यपदार्थ आहेत असे सांगून टाकावे. तांदूळ ओर्लँडोतील भारतीय किराणा दुकानात मिळेल. खोलीत शेगडी लावता येत नाही, म्हणून सहा जणांसाठी आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या डिस्नेच्याच हॉटेलातील कौटुंबिक खोल्या मी सुचवीन. तिथे छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असतो, आणि दारापासून निघणारे, तारेवरून जाणारे स्कायलायनरचे पाळणे एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओजला नेऊन सोडतात. मायक्रोवेव्हमध्ये पेज होते. मी केली आहे. उकड्या तांदळाच्या पेजेची सर तिला येत नाही, पण लोणच्याबरोबर खपून जाते. सासूबाईंसाठी उद्यानात बाहेरचे खाणे नेता येते, फक्त काचेची बरणी नको. एका संध्याकाळी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील सना या उपाहारगृहात न्यावे. तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचे ताट मिळते आणि खिडकीबाहेर झेब्रे चरत असतात. जागा साठ दिवस आधी राखता येते.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये डिस्ने वर्ल्डला गर्दी नसते व दरही उतरतात असे ऐकले. आम्ही दोघेच आहोत. चवथ आटोपल्यावर निघावे का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : ऐकलेले खरे आहे. अमेरिकेतील शाळा उघडलेल्या असतात, त्यामुळे सप्टेंबर हा तिथल्या सर्वांत निवांत महिन्यांपैकी एक. पण अटलांटिकमधील चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून सप्टेंबर हा त्याचा ऐन भर. ओर्लँडो किनाऱ्यापासून आत असल्याने तडाखा कमी बसतो, तरीही उद्याने एखाददुसरा दिवस बंद ठेवल्याची उदाहरणे आहेत. आपल्याबरोबर मुले नाहीत, तेव्हा जरूर जावे. परतीचे विमान तारीख बदलता येईल असे घ्यावे आणि हाताशी दोन दिवस मोकळे ठेवावेत. रोजच्या दुपारच्या सरीचे काणकोणच्या माणसाला काय सांगायचे? छत्री मात्र गर्दीत नकोशी होते, रेनकोट न्यावा.

प्रश्न : आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत पाचच दिवस मिळतात. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी पावणेतीन वर्षांची आणि आई पासष्टीची. अमेरिका परवडणार नाही. हाँगकाँगचे डिस्नेलँड करावे की खोपोलीचे इमॅजिका पुरे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : पाच दिवसांसाठी हाँगकाँग योग्य आहे. १२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झालेले तिथले उद्यान फ्लोरिडाच्या मानाने आटोपशीर आहे, दोन दिवसांत निवांत पाहून होते आणि शहरातून मेट्रोने, वाटेत गाडी बदलून, गाठता येते. भारतीय पासपोर्टधारकांना ऑनलाइन पूर्वनोंदणी केली की चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ती नोंदणी मान्य झाल्याचा कागद हाती ठेवावा. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरात येत असेल तर हवा सुखद मिळेल. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र चीनमधील राष्ट्रीय सुट्टीमुळे गजबजलेला असतो. साठीवरील ज्येष्ठांना तिकीट बरेच स्वस्त पडते, त्यामुळे आईंसाठी वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ असू द्यावा.

इमॅजिकाला कमी लेखण्याचे कारण नाही. २०१३ पासून ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत चालू आहे, आणि सहा वर्षांचे मूल अंधाऱ्या किंवा वेगाच्या खेळात रमते की आईला घट्ट धरून बसते हे आधी तिथे कळून घेता येते. हाँगकाँगच्या आधी एखादा शनिवार-रविवार त्यासाठी काढावा. मुलीचे म्हणाल तर तीन वर्षांखालील मुलांना हाँगकाँगच्या उद्यानात तिकीट नाही, आणि आपली मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. तिचा वाढदिवस दिवाळीनंतर असेल तर सहल पुढच्या वर्षावर ढकलू नये.