पुण्याहून गोव्यातल्या लहान शहरात यावं का: फोंडा, साखळी की काणकोण?

तुमचा प्रश्न असा: पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि फोंडा, साखळी किंवा काणकोणला घर घ्यायचं. दोघांचं काम घरून, मुलगा सात वर्षांचा, आई बहात्तरच्या आणि मधुमेही. फायदे जास्त की तोटे?

लोक गोव्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजतात आणि तिथेच चुकतात. फोंडा पणजीपासून तिशीच्या आत, साखळी पस्तिशीच्या आसपास. पुण्यात एवढं अंतर रोज ऑफिससाठी कापतात. पण संध्याकाळ उलटली की इथल्या बसगाड्या झपाट्याने कमी होतात, आतल्या गावांच्या तर त्याआधीच संपतात. ओला-उबर गोव्यात नाही. गोवामाइल्सचं टॅक्सीचं ॲप आहे, पण किनारपट्टी सोडून आत आलात की गाडी मिळेलच असं नाही. दिवसा मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, मिळतो. आईंना त्याच्या मागे बसवणार आहात का? त्यामुळे पणजी-पर्वरीच्या तुलनेत भाडं कमी पडलं तरी वाचलेल्या पैशांतला मोठा वाटा दुसऱ्या गाडीत जातो. घरात चालवणाऱ्या प्रत्येकासाठी एक वाहन, हा हिशेब आधी मांडा. पुण्याची गाडी आणणार असाल तर बारा महिन्यांच्या आत इथल्या आरटीओत नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी लागते आणि कर पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा वेगळा मागायचा.

आईंच्या दृष्टीने पाहिलं तर सगळं पणजीजवळ बांबोळीला असलेल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, अंतरावर येतं. फोंड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे आणि बांबोळी साधारण पाऊण तासावर. मात्र वाटेत भोम गावाजवळ रस्ता अरुंद असल्याने गर्दीच्या वेळी गाडी अडकते. साखळीहून थोडा जास्त वेळ धरा. काणकोणहून, म्हणजे तिथल्या चावडी या बाजारगावाहून, आधी करमल घाट ओलांडून मडगाव, आणि बांबोळी त्याच्याही पुढे. हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा इतिहास असेल तर माझं मत स्पष्ट आहे: काणकोण नको. 108 ची रुग्णवाहिका चांगली चालते, पण ती घाट लहान करत नाही. पुण्याचा आरोग्य विमाही बंद करू नका. इथल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विमा योजनेला पाच वर्षांच्या निवासाची अट आहे, आणि बिगरगोमंतकीयांना बांबोळीत 2018 पासून शुल्क पडतं.

घर बघायला लोक डिसेंबरात येतात. तेव्हा हवा कोरडी, भिंती नुकत्या रंगवलेल्या आणि अंगण झाडलेलं असतं. तुम्ही जुलैत या. चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी शोषतो, म्हणून जुन्या चिरेबंदी घरात जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत ओल चढते. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर मागच्या बाजूला बुरशी धरते, आणि चामड्याच्या चपला-पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. नैऋत्येकडची भिंत पावसाचा मारा खाते; तिच्यावर छपराची वळचण किती पुढे आली आहे ते पाहा. मंगळुरी कौलांचं छप्पर असेल तर कौलं मे संपायच्या आत परतून घ्यावी लागतात, आणि त्याचा खर्च मालकाचा की तुमचा हे करारात लिहून घ्या. साखळीत वाळवंटी नदीच्या काठचा बाजारभाग सखल आहे. घराच्या बाहेरच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण कुठवर आहे ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नव्हे.

मेच्या शेवटी वळवाचा वारा सुटला की झाडांच्या फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. कधी तासाभरासाठी, कधी रात्रभर. 150 अँपिअर-तासांची एक बॅटरी साधारण 1800 वॅट-तासांची. प्रत्यक्ष हाती बाराशे-तेराशे लागतात. दोन साधे पंखे, चार दिवे, एक लॅपटॉप आणि राउटर मिळून 250 ते 270 वॅट खातात, म्हणजे साडेचार ते पाच तास. पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी घेतले तर हाच वेळ सात तासांच्या आसपास जातो. फायबरच्या तारा बहुतेक ठिकाणी विजेच्याच खांबांवरून गेलेल्या, त्यामुळे दोन्ही एकदम बंद पडतात. म्हणून एक फायबर आणि दुसरी मोबाइल जोडणी ठेवा. ज्या खोलीत बसून काम करणार, तिथेच उभं राहून दोन-तीन सिमकार्डांची रेंज तपासा. डोंगराच्या पोटातल्या वाड्यांत शंभर पावलांवर फरक पडतो.

पाण्याचं सोपं गणित: माणशी दिवसाला 135 लिटर, चौघांचे 540. नळाचं पाणी एक दिवस चुकलं तरी चालावं म्हणून वरची टाकी हजार लिटरची आणि खाली सम्प (जमिनीतली टाकी) असलेलंच घर बघा. फोंड्याला खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचं पाणी येतं. मुसळधार पावसात नदी गढूळ झाली की पुरवठा मंदावतो. आवारात विहीर असणं ही चैन नाही.

साखळी-डिचोलीकडे आणखी एक गोष्ट तपासा. खाणी 2012 मध्ये थांबल्या, पुन्हा 2018 मध्ये थांबल्या, आणि आता काही ठिकाणी परत सुरू झाल्या आहेत. घर खनिज वाहतुकीच्या रस्त्यावर असेल तर पावसाळा सोडून बाकी वर्ष लाल धूळ. दारासमोरच्या झाडांची पानं पाहिलीत की कळतं.

काणकोणात पाळोळ्याच्या किनाऱ्याच्या आसपास मालकाचा डोळा पर्यटकांच्या भाड्यावर असतो. करार अकरा महिन्यांचा आणि हंगामात घर रिकामं करायचं नाही, हे शब्दांत लिहून घ्या. भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावाच लागतो; पोचपावती जपा.

शाळेची काळजी कमी करा. भाषेची अडचण मुलाला नाही: फोंडा, साखळीकडे मराठी घराघरांत वाचली जाते, आणि कोकणी तो खेळता खेळता उचलेल. फक्त प्राथमिकला सरकारी शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, हे लक्षात ठेवून माध्यम ठरवा. पुढे इथल्या सरकारी नोकरीचा विचार असेल तर 15 वर्षांच्या निवासाचा दाखला लागतो.

दुकानं दुपारी एकला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या, दिवसांत प्लंबर, इलेक्ट्रिशियन कुणीच सापडणार नाही. सिलिंडर आणि औषधं आधीच भरून ठेवा. पहिल्या वर्षी याचा राग येतो.

आता विकत घेण्याबद्दल. पहिला पूर्ण पावसाळा भाड्याने काढल्याशिवाय हा विषयच काढू नका. पुढे काढलात तर सातबाऱ्याच्या जागी इथे एक-चौदाचा उतारा असतो. त्यात कूळ आणि इतर हक्कांचे रकाने रिकामे आहेत का पाहा. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचं, नाव असेल तर त्याला घरातून काढता येत नाही, 1975 चा कायदा त्याच्या बाजूने आहे. इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराचीही सही लागते. वारसांतला एखादा लिस्बनला असेल तर त्याचीही, नाहीतर इन्व्हेंटरीचा, म्हणजे न्यायालयातल्या वारसा-वाटणीचा, निवाडा. बांधकामाची सनद (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) आणि नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला (जमीन कोणत्या वापराची आहे ते सांगणारा) मागा. ‘ऑर्चर्ड आहे, पण सेटलमेंट होईल’, म्हणजे आज बागायत आहे पण पुढे वस्तीची होईल, असं दलाल म्हणाला की तिथूनच परत फिरा. भातशेती 2023 च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला सहसा घेता येत नाही. साखळीला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यात आल्वारा आणि मोकासो जमिनींचे, म्हणजे जुन्या राजवटींनी दिलेल्या जमिनींचे, घोळ वेगळेच आहेत. तिथे स्थानिक वकिलाशिवाय इसार देऊ नका.

तुमच्या घरासाठी क्रम लावायचा तर फोंडा, मग साखळी, आणि काणकोण सुट्टीपुरतं. फोंड्यात शक्यतो बसस्थानकाच्या दोन किलोमीटरच्या आत बघा, आणि जुलैत येताना संध्याकाळी पाचनंतर पणजीहून बसनेच या.