कम्युनिटी न्यूमोनिया म्हणजे कोणत्या समाजाचा?

भाऊ, तुमच्या मामांच्या डिस्चार्ज कार्डावर 'कम्युनिटी ॲक्वायर्ड न्यूमोनिया' लिहिलंय आणि ते विचारतात की आजारातही जात पाहतात का बाप्पा, तर मामांचं काही चुकलं नाही. आपल्या नागपुरात सोयरीक पाहताना 'कम्युनिटी कोणती?' विचारलं की लोक काय सांगतात ते आपल्याला माहीतच आहे. कार्डावरच्या कम्युनिटीचा अर्थ एवढाच की दवाखान्याच्या बाहेरचं जग, म्हणजे घर, ऑफिस, बर्डीच्या बाजारातली गर्दी. लागण तिकडेच झाली, भरती नंतर झाले. भरती होऊन 48 तास उलटल्यावर जो नव्यानं होतो तो दवाखान्यातला न्यूमोनिया, त्याचं नाव वेगळं.

आता मराठीत काय म्हणायचं हा तुमचा खरा प्रश्न. 'समाजार्जित' मला अजिबात पटत नाही, समाज म्हटलं की पुन्हा तीच भानगड, आणि अर्जित म्हटलं की अर्जित रजा नाहीतर स्वकष्टार्जित प्रॉपर्टी आठवते, न्यूमोनिया काय कमावून आणतात का! 'फुप्फुसदाह' डिक्शनरीत बरा दिसतो पण वॉर्डात कोणी बोलत नाही. मी एकदा सोपं करायला गेलो आणि मोठ्या आईला सांगितलं की तुम्हाला बाहेरचा न्यूमोनिया झाला आहे, तर म्हणे 'बाहेरचं आहे तर मग उतरवून घ्या न, सलाईन कायले लावता?' म्हणजे तोही शब्द बाद.

तिचं दुखणं ओळखू आलं तेही गंमतच, ताप नाही, खोकला जेमतेम, पण सकाळपासून असंबद्ध बोलत होती. डॉक्टर घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट तिच्या पदराची हालचाल पाहत उभे होते, श्वास 32 भरले. म्हाताऱ्या माणसांत असं होतं, आणि वय 65 किंवा जास्त, भ्रम, मिनिटाला श्वास 30 किंवा जास्त, बीपी पडलेलं, रक्तात युरिया वाढलेला, यातलं किती जमतं त्यावरून घरी ठेवायचं की भरती करायचं याचा अंदाज घेतात. मग एक्स-रे काढला, त्यात फुप्फुसावर पॅच, म्हणजे पांढुरका डाग, दिसला.

'कम्युनिटी' हा शब्द कार्डावर लिहितात तो औषधासाठी. बाहेर पुष्कळदा न्यूमोकोकससारखे जंतू असतात, त्यांना साधं ॲमॉक्सिसिलिनही पुरतं, भरती पेशंटला बरेचदा सेफ्ट्रिॲक्सोन आणि सोबत ॲझिथ्रोमायसिन देतात. वॉर्डातले जंतू जास्त चिवट, तिथं औषधंही जबर लागतात. (कोर्स साधारण 5 दिवसांचा असतो, ताप उतरला म्हणून मामांनी गोळ्या मधेच सोडल्या नसतील अशी आशा आहे.)

माझं मत विचाराल तर 'दवाखान्याबाहेर लागलेला न्यूमोनिया' म्हणा. लांबलचक आहे, मान्य, पण मामांना एका दमात कळेल. आणि 'निमोनिया' नका लिहू, ते हिंदीतून आलंय.