तुकडी बदलण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

नववीतला तुमचा मुलगा वर्गात नव्याने आलेल्या स्थलांतरित कुटुंबांतील मुलांविषयी, ‘यांच्यामुळे आमचा वर्ग मागे पडतो,’ असे घरी वारंवार बोलू लागला आहे. त्याची तुकडी बदलून घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते मुळीच घेऊ नये, कारण तसे केल्यास त्याच्या मतावर तुम्हीच शिक्कामोर्तब केल्यासारखे होईल.

मात्र एका वर्गात बसून मने आपोआप जुळतील, या भरवशावरही राहू नका. सहवासाने पूर्वग्रह ओसरायचा, तर दोन्ही गटांना समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परांच्या मदतीची गरज आणि वरिष्ठांचे पाठबळ हवे, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते. तुम्ही लिहिता त्यावरून या वर्गात नवी मुले मागच्या बाकांवर एकत्र बसवली जातात आणि गटकार्यात त्यांच्या वाट्याला फक्त तक्ते रंगवणे येते. कोणाची किंमत किती, हे मुले अशा मांडणीतूनच शिकतात. मग नागरिकशास्त्राच्या तासाला समतेचा धडा कितीही तळमळीने शिकवला तरी तो वहीतच राहतो.

अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये वेगवेगळ्या वर्णांची मुले शाळेत एकत्र आल्यावर तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी एक धडा भागांत विभागून गटातील प्रत्येकाला एकेक भाग दिला. प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवायचा आणि परीक्षा मात्र संपूर्ण धड्यावर, त्यामुळे ज्याची चेष्टा होत असे, त्याचेच बोलणे इतरांना कान देऊन ऐकावे लागले. तेथे प्रश्न वर्णाचा होता, तरी ही रीत तुमच्या मुलाच्या वर्गालाही लागू पडेल.

तेव्हा वर्गशिक्षिकांना भेटा आणि बाकांची व कामांची वाटणी बदलण्याची विनंती करा. धडे खरोखरच रखडत असतील, तर तेही मोकळेपणाने सांगा. नव्या मुलांना भाषेसाठी वेगळी मदत मिळवून देणे ही शाळेची जबाबदारी आहे, आणि मुलाची ही तक्रार ‘असहिष्णुता’ म्हणून झटकून टाकणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. घरी त्याच्याशी ‘त्या सगळ्यांविषयी’ वाद घालू नका; त्यांच्यापैकी एखाद्याचे नाव, त्याचा आवडता विषय, त्याच्याशी झालेले बोलणे, एवढेच विचारत राहा. वर्गशिक्षिकांकडून प्रतिसाद मिळाला नाही, तर लेखी अर्ज घेऊन मुख्याध्यापकांना भेटा.